वाळवी, भिरूड की मुंगळे? कोकणातल्या घराला औषध मारण्याआधी

चिरेबंदी (धागाकर्ता)

राजापूर तालुक्यात आमचं जुनं घर आहे. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, वासे ऐन-किंजळीचे, चौकटी फणसाच्या. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर घर बंद. वाडीतल्या निम्म्या घरांचं हेच आहे, आणि दर वर्षी कोणाकडे तरी 'वाळवी लागली' म्हणून औषधवाल्याला बोलावणं जातंच.

माझं म्हणणं असं आहे की लाकूड पोखरलेलं दिसलं म्हणजे वाळवीच, हे आधी डोक्यातून काढायला हवं. कीड कुठली, ती आली कुठून आणि तिला ओल कुठून मिळते एवढं कळल्याशिवाय औषधाची बाटली उघडू नये. उलट्या क्रमाने गेलं की पैसे जातात, परसातल्या विहिरीला धोका होतो आणि वाळवी दुसऱ्या भिंतीतून वर येते.

आमच्याकडे लाकडात राहणारे चार प्रकार दिसतात.

पहिली जमिनीतली वाळवी. हिचं बिऱ्हाड मातीत, आणि तिला सतत ओल लागते. उघड्या हवेत ती सुकून मरते, म्हणून भिंतीवरून मातीची नळी बांधत लाकडापर्यंत पोचते. चौकटीच्या कडेने, फोटोच्या मागून, वायरिंगच्या पट्टीखालून पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ दिसली की ही. लाकूड आतून खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे रंग दिलेली चौकट बाहेरून धडधाकट दिसते आणि बोट दाबलं तर आत जातं.

दुसरी कोरड्या लाकडातली वाळवी. किनारपट्टीवर ही आहे आणि लोक तिला हमखास भुंगा समजतात. हिला माती लागत नाही, नळीही बांधत नाही. कपाटात, देव्हाऱ्यात, माळ्याच्या तुळईत आतल्या आत राहते. खाली खसखशीसारखे दाणे पडतात. भिंग घेऊन बघा, प्रत्येक दाण्याला सहा कडा असतात. ती तिची विष्ठा.

तिसरा भिरूड, म्हणजे लाकडातले बारीक भुंगेरे. यांचा भुसा पिठासारखा मऊ असतो, बोटांत चोळला तर खर लागत नाही. भोकं गोल, एक-दोन मिलिमीटरची. हे सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात शिरतात कारण त्यात पिष्ट (स्टार्च) असतं. जून गाभ्याच्या लाकडाला सहसा लागत नाहीत. बांबूला मात्र हमखास.

चौथे मुंगळे. हे लाकूड खात नाहीत, आधीच कुजलेल्या ओल्या लाकडात पोकळी करून राहतात. मुंगळे दिसले तर कौल कुठे गळतंय ते शोधा.

आपापले अनुभव लिहा. कोणी घरावर औषध करून घेतलं असेल तर काय वापरलं, कुठे मारलं, तेही लिहा.

---

खाडीकाठ

चांगला धागा. पाचवा प्रकार जोडतो: काळा भुंगा, तो मोठा, निळसर चमकणाऱ्या पंखांचा. पडवीच्या वाशाला खालून बोट जाईल एवढं गोल भोक पाडतो आणि खाली जाडसर भुसा पडतो. ही एक प्रकारची मधमाशीच आहे, लाकूड खात नाही, अंडी घालायला बोगदा करते. एखाददुसऱ्या भोकाने वासा मोडत नाही. भोपळा, पडवळ, वालाच्या फुलांवर हाच फिरत असतो, त्यामुळे आम्ही मारत नाही. पिल्लं निघून गेल्यावर भोक लाकडाच्या खुंटीने बुजवतो आणि वाशाला तेल देतो. रंगवलेल्या किंवा तेल दिलेल्या लाकडाकडे तो फारसा येत नाही.

---

माजघर

आमच्याकडे पहिल्या वळवाच्या संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाली पाखरं येतात आणि सकाळी लादीवर पंखांचा खच असतो. सासूबाई म्हणतात ती मुंग्यांची पाखरं. ती वाळवीची असतील तर घाबरायचं का?

---

चिरेबंदी

@माजघर, एखादं पाखरू वाटीत पकडून बघा. मुंगीला कंबर असते, मधे बारीक. वाळवीला कंबर नसते, अंग सरळ सारख्या जाडीचं. वाळवीचे चारही पंख एका लांबीचे असतात, मुंगीचे पुढचे मोठे, मागचे छोटे. मिशा बघितल्या तर मुंगीच्या कोपरासारख्या मोडलेल्या, वाळवीच्या सरळ मण्यांच्या माळेच्या.

ही पाखरं बाहेरून दिव्यावर आली असतील तर झाडून टाका, बहुतेक पाली आणि बेडूक खातात. मात्र ती घरातल्या भिंतीच्या भेगेतून किंवा चौकटीच्या सांध्यातून *निघताना* दिसली तर समजा बिऱ्हाड घराखाली किंवा भिंतीत आहे. ती जागा खडूने खुणेची करून ठेवा. पंख गळले की नर-मादी जोडीने मातीत शिरतात आणि नवी वसाहत सुरू करतात, म्हणून त्या आठवड्यात संध्याकाळी बाहेरचा दिवा बंद ठेवला तरी बराच फरक पडतो.

---

रापण

आमच्या मालवणात म्हातारी माणसां सांगायची, चुलीचो धूर माळ्यार फिराक व्हयो, मगे वाशांक किडो लागणा नाय. आता गॅस इलो, धूर गेलो, नि चुलीकडच्या वाशांतसून भुसो गळाक लागलो. ह्यात तथ्य आसा की नाय?

---

पटाशी

@रापण, आसा. मी सुतारकाम करतो, जुनी घरं उतरवताना हे डोळ्यांनी बघतो. चुलीवरचे वासे काळे कुळकुळीत आणि ठणठणीत, आणि त्याच घरातले ओटीवरचे वासे भिरुडाने चाळण झालेले. धुराने लाकूड कोरडं राहतं आणि वर काजळीचा थर बसतो. माळ्यावर बांबू आणि बी-बियाणं ठेवायचे ते याच कारणाने.

आता जे मला दर कामात दिसतं ते सांगतो, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. जुन्या बांधणाऱ्यांनी लाकूड मातीला लागू दिलं नव्हतं. खांबाखाली काळ्या दगडाचा तळखडा असे, जोतं गुडघाभर उंच असे, आणि चौकटीचा पाय दगडी उंबऱ्यावर टेके. तळखड्यावरून चढायचं तर वाळवीला उघड्यावर नळी बांधावी लागायची आणि सकाळी झाडणाऱ्या बाईला ती दिसायची. झाडूच्या एका फटक्यात काम व्हायचं.

मग लोकांनी शेणाची जमीन काढून लादी बसवली. जुन्या जमिनीवर भर टाकली, तीन-चार इंच उंची वाढली, आणि चौकटीचे पाय नि खांबाचे बूड त्या भरावात गाडले गेले. तळखडा लादीखाली गेला. आता वाळवी लादीखालून थेट लाकडात शिरते, बाहेर काही दिसतच नाही. भिंतीचंही तेच. मातीच्या सांध्याचा चिरा मोकळा असताना सुकत होता. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि गिलावा नि चिरा यांच्या मधल्या पोकळीतून वाळवी पार आढ्यापर्यंत जाते. वाळवी लागलेल्या ज्या घरात मला बोलावतात, तिथे मी आधी विचारतो, लादी कधी बसवली?

गाडलेली चौकट असेल तर कितीही औषध मारा, लाकूड मातीत आहे तोवर ती पुन्हा येणार. पाय मोकळे करायलाच हवेत.

---

चाकरमानी_डोंबिवली

आमच्या घराला गेल्या उन्हाळ्यात एका कंपनीकडून औषध करून घेतलं. पाच वर्षांची हमी दिली. सगळ्या खोल्यांत भिंतीच्या कडेने भोकं पाडली आणि औषध भरलं. न्हाणीघर आणि विहीर यांच्यामधल्या भिंतीतही भरलं. पाऊस सुरू झाल्यावर शेजाऱ्यांनी फोन केला की विहिरीच्या पाण्याला वास येतोय. औषध कुठलं होतं ते बिलावर लिहिलेलंच नव्हतं. पाणी उपसून काढलं, पावसाळाभर प्यायला दुसरीकडून आणलं. आता कोणावर विश्वास ठेवावा कळत नाही.

---

कृषिकन्या_दापोली

@चाकरमानी, हे वाचून वाईट वाटलं, आणि हे फक्त तुमच्याकडे झालेलं नाही. मी वनशास्त्र शिकले आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

राहत्या घराच्या वाळवी-उपचारासाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३. त्याचे तीन भाग: पहिला बांधकामातल्या काळजीचा, दुसरा नवीन बांधकामाआधीच्या औषधाचा, तिसरा आधीच उभ्या घरांचा. तिसऱ्यात पद्धत अशी की भिंत आणि जमीन मिळते त्या कडेने साधारण ३० सेंटिमीटर अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडायची, दर भोकात जास्तीत जास्त १ लिटर द्रावण भरायचं आणि भोक बुजवायचं. पण याच मानकात प्यायच्या पाण्याच्या विहिरी आणि झरे दूषित होणार नाहीत याची काळजी घ्या असंही स्पष्ट लिहिलेलं आहे. ते वाक्य आपल्याकडे कोणी वाचत नाही.

ही पद्धत विटांच्या आणि काँक्रीटच्या घरांना नीट लागू पडते. जांभा, म्हणजे आपला चिरा, वेगळा आहे. तो सच्छिद्र असतो, त्यात नैसर्गिक पोकळ्या नि भेगा असतात, आणि मातीच्या सांध्यात उंदरांची नि मुळांची बिळं असतात. एका भोकात लिटर औषध ओतलं की ते थर करून बसत नाही, वाट मिळेल तिकडे जातं. वरून आपला पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर. विहीर घराच्या उताराला असेल तर औषध तिकडेच जाणार.

औषधांतही फरक आहे. क्लोरपायरिफॉस मातीच्या कणांना घट्ट धरून राहतं पण विषारी आहे आणि घराच्या आत फवारायचं नाही. इमिडाक्लोप्रिड पाण्यात त्यामानाने जास्त विरघळतं, त्यामुळे विहिरीजवळ त्याची जास्त काळजी वाटते. बायफेन्थ्रिनचा वाळवीला सुगावा लागतो आणि ती त्या पट्ट्याला वळसा घालते, म्हणून पट्टा कुठे तुटलेला असेल तर तिथून आत येते. इमिडाक्लोप्रिड नि फिप्रोनिलचा सुगावा लागत नाही, कामकरी वाळवी त्यातून फिरते आणि अंगाला लागून इतरांपर्यंत नेते. जुने लोक सांगतात ते ऑल्ड्रिन किंवा बीएचसी पावडर यांवर आपल्या देशात बंदी आहे. माळ्यावर जुना डबा सापडला तर उघडू नका, वापरू तर अजिबात नका.

आणि कंपनीला चार गोष्टी विचारायच्याच: परवाना आहे का (कीटकनाशक कायदा १९६८ खाली तो लागतो), औषधाचं नाव आणि टक्केवारी बिलावर लिहिणार का, डबा माझ्यासमोर उघडणार का, आणि विहीर कुठे आहे ते बघून कुठली भिंत सोडणार. शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नसेल त्याला परत पाठवा.

---

चाकरमानी_डोंबिवली

धन्यवाद ताई. बिलाचा मुद्दा आधी माहीत असता तर भांडता तरी आलं असतं. मग विहिरीकडच्या भिंतीला करायचं तरी काय?

---

कृषिकन्या_दापोली

त्या बाजूला जमिनीत काहीच ओतायचं नाही. नळ्या खरवडून काढायच्या, भिंतीपासून माती, पालापाचोळा, सरपण लांब करायचं आणि लाकडावर थेट उपचार करायचा. लाकडासाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाण्यातलं द्रावण चांगलं. भिरूड आणि कोरड्या लाकडातली वाळवी दोन्हींवर चालतं, माणसाला त्यामानाने कमी घातक आहे. मात्र ते पावसाने धुऊन जातं, म्हणून छपराखालच्या लाकडालाच. लाकूड कोरडं असताना, रंग किंवा वॉर्निश नसलेल्या बाजूने, दोन-तीन हात द्यायचे. पोखरलेल्या जागी तिरपी बारीक भोकं पाडून इंजेक्शनच्या सिरिंजने आत सोडायचं.

---

पोफळीची_बाग

आमच्याकडे वासे आणि दारं यांना उंडीचं तेल किंवा काजूच्या टरफलाचं तेल देतात. होड्यांना देतात तेच. हे किती उपयोगी? शेजारचे काका जळकं ऑइल लावतात, फुकट मिळतं म्हणून.

---

पटाशी

काजूच्या टरफलाचं तेल खरोखर चालतं. होडी खाऱ्या पाण्यात टिकते ती त्यावरच. पण हातमोजे घालूनच. अंगाला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, डोळ्यात गेलं तर विचारूच नका. लहान मुलं घरात असतील तर दोन-तीन आठवडे त्या दाराला हात लावू देऊ नका. उंडीचं तेल सौम्य, वासही सहन होतो, पण दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं.

जळकं ऑइल घरात नको. वरवर थोडे दिवस कीड लांब राहते, पण त्यात इंजिनातले जड धातू असतात, ते हाताला-कपड्याला लागत राहतं, आणि पुढे त्या लाकडावर दुसरं कुठलंही औषध मुरत नाही. कुंपणाच्या मेढीला लावत असाल तर तिथेही विहिरीपासून लांब.

बांबूचं एक सांगतो. पावसाळा संपून वेळूतलं पाणी उतरल्यावर तोडा, आणि तोडल्यावर खाडीत किंवा वाहत्या वहाळात तीन-चार आठवडे बुडवून ठेवा. त्यातलं पिष्ट धुऊन जातं, मग भिरूड कमी लागतो. मे महिन्यात घाईने तोडून थेट मांडवाला लावलेला बांबू पुढच्या गणपतीला पीठ गाळतोच.

---

माजघर

मुंग्यांबद्दल कोणीच बोललं नाही. लाल बारीक मुंग्या माझ्या देवघरात आणि साखरेच्या डब्यात असतात. खडूने रेघ मारते, दोन दिवस जातात, परत येतात.

---

खाडीकाठ

ताई, रेघेने वाट बदलते, वसाहत जात नाही. साखरपाण्यात बोरिक पावडर अगदी थोडी घाला, शेकडा १ च्या आसपास. कापसाचा बोळा भिजवून बाटलीच्या झाकणात त्यांच्या वाटेवर ठेवा. पावडर जास्त झाली तर मुंग्या वाटेतच मरतात आणि राणीपर्यंत काही पोचत नाही. पहिले दोन दिवस मुंग्या वाढल्यासारख्या वाटतील, त्यांना तेव्हा मारू नका. मुलं, मांजर आणि देवाचा नैवेद्य यांपासून लांब ठेवा.

आणि मुंग्या सरसकट संपवू नका. वाळवीचा सगळ्यात मोठा शत्रू मुंगीच. परसात मुंग्या हव्यात. आंब्यावरचे हुमलेसुद्धा (झाडावरच्या लाल मुंग्या) आम्ही काढत नाही.

---

रापण

अंगणातल्या वारुळाचा काय करुचा? घरातली वाळवी थयसूनच येता असा सगळे म्हणतत. पण वारूळ मोडूक कोणाचो हात धजत नाय.

---

चिरेबंदी

@रापण, मोडूही नये. आपल्याकडे सातेरी देवी वारुळाच्याच रूपात पूजली जाते, नागपंचमीला तिथे दूध ठेवतात, ही भावना आहेच. पण त्याशिवायही कारण आहे. वारूळ बांधणारी वाळवी मुख्यतः पडलेला पाला, मेलेली साल, वाळकी लाकडं खाते. ती वारुळाच्या पोटात बुरशीची बाग लावते, आणि पहिल्या पावसानंतर वारुळावर येणारी अळंबी त्याच बागेतून उगवते. घरात शिरणाऱ्या कित्येक जातींचं वारूळ बाहेर दिसतच नाही, त्या जमिनीत किंवा भिंतीतच असतात. म्हणजे वारूळ फोडलं तरी चौकट वाचेल याची खात्री नाही. वारूळ अगदी भिंतीला चिकटून असेल आणि तिथून नळी घरात शिरताना दिसली, तर गोष्ट वेगळी.

झुरळाचा स्प्रे नळीवर मारणाऱ्यांसाठीही: समोरच्या शे-दोनशे मरतात, राणी खाली अंडी घालतच राहते. त्यापेक्षा नळीचा मधला चार बोटं तुकडा पाडा आणि आठवड्याने बघा. पुन्हा बांधला असेल तर रहदारी चालू आहे. नसेल तर ती वाट सोडलेली आहे, तिथे औषध घालून उपयोग नाही.

---

चाकरमानी_डोंबिवली

बंद घराचं काय करावं? वर्षातले दहा महिने आम्ही नसतोच. मला वाटतं खरं दुखणं तेच आहे.

---

पटाशी

तेच आहे. उघडं घर वाळवी खात नाही असं नाही, पण रोज झाडू फिरतो तिथे नळी चार दिवसांच्या वर टिकत नाही.

जाताना हे करा. कपाटं आणि पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढा. जुने सातबारे, पोथ्या, लग्नाचे अल्बम पुठ्ठ्याच्या खोक्यात जमिनीवर ठेवू नका, पत्र्याच्या ट्रंकेत विटांवर ठेवा. वाळवीला पुठ्ठा लाकडापेक्षा आवडतो. मागच्या भिंतीला सरपण, सोडणं (नारळाची सालं), चुडतं (माडाच्या झावळ्या) रचलेली असतील तर ती भिंतीपासून दूर न्या. पावसाळ्यात भिंतीला झडी (पावसाचा आडोसा) बांधता तेव्हा झडीचा खालचा भाग जमिनीला टेकू देऊ नका, आणि श्रावण सरला की काढून टाका. पागोळ्यांचं पाणी जोत्यापाशी साचतंय का बघा, साचत असेल तर गटाराला उतार द्या. फुटलेली कौलं मे महिन्यातच बदला. आणि शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवून महिन्यातून एकदा दारं-खिडक्या उघडायला सांगा, त्याचे त्यांना पैसे द्या. औषधापेक्षा ते स्वस्त पडतं आणि गावातल्या एका माणसाला कामही मिळतं.

---

कृषिकन्या_दापोली

पटाशीदादांच्या प्रत्येक शब्दाला +१. फक्त एक गंभीर सूचना. धान्याच्या गोदामात वापरतात त्या गोळ्या कोणीतरी 'बंद घरात ठेवून द्या, भुंगा मरतो' असं सांगतं. त्यातून फॉस्फीन वायू निघतो. तो शेजारच्या खोलीत, माळ्यावरून पलीकडच्या बिऱ्हाडात जातो आणि माणसं मरतात. कोणत्याही परिस्थितीत नाही.

लहान वस्तूंसाठी आपल्याकडे मे महिन्याचं ऊन आहे. पाट, जुनं काठवट, मुलांचं लाकडी खेळणं काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून कातळावर दिवसभर ठेवा. लाकडाच्या गाभ्यात ५५ अंशांच्या आसपास उष्णता तासभर राहिली तर अळी आणि वाळवी दोन्ही मरतात. जाड लाकडाला जास्त वेळ लागतो. लाखेचं रंगकाम असलेली वस्तू मात्र उन्हात ठेवू नका.

---

चिरेबंदी

@पटाशी, आमच्या देवघराच्या खोलीची चौकट तुम्ही म्हणता तशीच लादीत गाडलेली आहे. नळी डाव्या पायाला आहे, वर फणसाचं लाकूड कंबरेपर्यंत पोकळ वाजतं, त्यावर ठणठणीत. पूर्ण चौकट बदलायची, की वाचेल?

---

पटाशी

वाचेल. वरचं जुनं फणसाचं लाकूड आता विकत मिळायचं नाही, ते फेकू नका. आधी भिंतीला नि कपाळपट्टीला टेकू द्या. चौकटीभोवतालची लादी हातभर उचला, भर उकरून काढा, तळखडा किंवा जुना उंबरा सापडतो का बघा. बहुतेक सापडेल. पोकळ भाग पटाशीने टोचत वर जा आणि जिथे पातं घट्ट अडकतं तिथून आणखी चार बोटं वर कापा. खाली किंजळीच्या गाभ्याचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडा, लाकडाच्या खुंट्या मारून. जोडलेल्या तुकड्याचे सगळे कापलेले टोक बोरॅक्सच्या द्रावणात रात्रभर बुडवून सुकवा, मगच बसवा. चौकटीचा पाय लादीच्या वर दोन बोटं राहील असा काळ्या दगडाचा तुकडा खाली द्या, आणि लादी परत बसवताना लाकडाला टेकवू नका, बोटभर फट मोकळी सोडा. त्या फटीत सिमेंट भरायला गवंड्याला देऊ नका, तो भरायला बघेलच. काम पावसाआधी उरका.